दोघींची भिशी

विजू,

पहिला शनिवार आला आणि गेला. दुपारी मी दार नुसतं लोटून ठेवलं होतं, कडी घातली नव्हती. तू कधी बेल वाजवली नाहीस. दार ढकलून आत यायचीस, चपला पायानेच बाजूला सारायचीस आणि पंखा पाचवर करून त्याच्याखाली उभी राहायचीस. साडेचारच्या सुमारास वाऱ्याने दार आपटलं, तेव्हा मी उठले आणि कडी लावली.

तुला जाऊन महिना होईल आता. रडून झालं असं म्हणवत नाही, पण रडायचाही कंटाळा येतो गं. खरं सांगायचं तर मी दमलेय. लोक विचारतात, ‘कोण होत्या तुमच्या?’ मैत्रीण म्हटलं की ‘अरेरे’ म्हणतात आणि विषय बदलतात. मैत्रिणीचं सुतक नसतं. तुला नेल्यावर मी तुझ्या घरून परत आले, आंघोळ केली आणि संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बसले. पाण्याच्या टाकीवरून वाद चालला होता. कुणीतरी माझं मत विचारलं. मी म्हटलं, करा काय करायचं ते. तू शेजारी असतीस तर मला कोपर मारलं असतंस आणि सेक्रेटरीला आणखी दोन कोटेशनं मागवायला लावली असतीस, स्वतः त्या सोसायटीची मेंबर नसूनसुद्धा.

तुझ्याबद्दल कुणाला सांगायचं तर भिशीपासूनच सुरुवात करावी लागते. भोईवाड्याच्या आपल्या जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ती सुरू झाली तेव्हा मी लग्न होऊन नुकती आले होते. तू शेजारच्या खोलीत भाऊ-भावजयीकडे राहायचीस, लालबागच्या एका शाळेत क्लार्क होतीस आणि लग्नाचा विषय काढणाऱ्याला तू काय बोलशील या भीतीने कुणी तो काढत नव्हतं. बारा बायका. महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येकीने ठरलेली रक्कम आणायची, डब्यातून चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला सगळ्यांचे पैसे एकरकमी. वर्षात प्रत्येकीचा नंबर एकदा लागणार. व्याज नाही, नफा नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुला म्हटलं, ‘आपलेच पैसे फिरून आपल्याला मिळणार, मग उपयोग काय? घरात साठवले तर?’

तू माझ्याकडे बघून म्हणालीस, ‘घरात साठतात तुझ्या?’

साठत नव्हते. फोर्टमधल्या एका ऑफिसात मी टायपिस्ट होते. पगाराचं पाकीट घरी आलं की ते सासूबाईंच्या हातात द्यायचं, तशी पद्धतच होती. हे छापखान्यात होते, ह्यांचंही पाकीट तिथेच जायचं. मला जाण्यायेण्याचे आणि चहाचे मिळायचे. सासूबाई वाईट नव्हत्या, घरात आठ माणसं होती आणि महिना त्यांना काढायचा असायचा. पण कमावती असून माझं म्हणावं असं माझ्याकडे काही नव्हतं. भिशीचे पैसेसुद्धा तूच त्यांच्याकडून मागून घेतलेस. दारात उभी राहून म्हणालीस, ‘काकी, कुंदाची भिशी लावतेय. गॅलरीतल्या सगळ्या लावतात, ही एकटी राहिली तर बरं दिसत नाही.’ बरं दिसत नाही म्हटल्यावर सासूबाईंचा नाइलाज झाला.

पहिल्या वर्षी माझा नंबर लागला. पैसे घरी आणले, कपाटात साड्यांखाली ठेवले आणि दोन दिवसांत ते धाकट्या दिराच्या गाळ्याच्या डिपॉझिटला गेले. कुणी चोरले नाहीत. मागितले, मी दिले. समोर दिसणाऱ्या पैशाला नाही कसं म्हणतात, ते मला तेव्हा येत नव्हतं. तुला कळलं आणि त्या महिन्यापासून तू नियम केलास की भिशी लागलेल्या बाईच्या घरात तिचा पैसा एक रात्रही झोपणार नाही. शनिवारी जिला भिशी लागायची ती रिकाम्या हाताने घरी जायची. पैसे तू ठेवायचीस, सोमवारी शाळेशेजारच्या पोस्टात तिच्या नावावर भरायचीस. सगळ्यांची पासबुकं तुझ्या शाळेच्या कपाटात. घरच्यांनी विचारलं तर सांगायचं, विजूकडे आहेत. आणि विजूकडे मागायला यायची कुणाची छाती नव्हती. गॅलरीतले अर्धेअधिक नवरे तुझ्यावर खार खाऊन होते, ते तुलाही माहीत होतं. तुला त्याची मजा वाटायची.

भिशी चालवणारीला पहिला नंबर मिळतो, सगळीकडे तशी रीत आहे. तू शेवटचा घ्यायचीस. मधे कुणी हात वर केले तर भुर्दंड आपल्याला पडावा, बाकीच्यांना नको, असा तुझा हिशोब होता. त्यावरून मी तुला मूर्ख म्हटल्याचंही आठवतं. तू म्हणालीस, ‘मग चालवून बघ तू.’

आणि तो फ्रिज. ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीचं कर्ज काढून मी घरात फ्रिज आणला, पगारातून हप्ता कापून जायचा. हप्ते संपले त्या महिन्यात मी तुला सांगायला आले, आता हातात चार पैसे जास्त येतील म्हणून. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, ‘घरी सांगू नकोस. हप्ता चालू ठेव.’

‘कसला हप्ता? फ्रिज फिटला.’

‘सोसायटीचा फिटला. आता तुझा तुला भर. त्या पैशांवाचून घर चाललंय ना इतके दिवस? मग चालू दे तसंच.’

मी तेवढ्याच रकमेचं रिकरिंग उघडलं. ते संपलं की दुसरं. घरात सगळ्यांना वाटायचं फ्रिजचेच हप्ते जाताहेत. एकदा सासूबाई म्हणाल्या, ‘केवढा महाग फ्रिज घेतलास गं, अजून फिटत नाही.’ तू आमच्या दारात उभी होतीस. तुला हसू आवरेना म्हणून तू कळशी घेऊन नळावर गेलीस, रिकामी कळशी घेऊन गेलीस आणि रिकामीच घेऊन परत आलीस. पुढे तो फ्रिज भंगारात गेला, तरी हप्ता चालूच होता. आमच्या समीरच्या इंजिनीअरिंगची फी त्या फ्रिजमधून निघाली. ह्यांना मी तेव्हा सांगितलं. हे एवढंच म्हणाले, ‘विजूला जेवायला बोलव.’

तुझ्याबद्दल लिहायला बसलं की तू फार शहाणी होऊन बसतेस, आणि ते काही खरं नाही. भाजी दोन रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून तू भायखळ्याच्या बाजारात चालत जायचीस आणि येताना ओझं झालं, गुडघे बोलायला लागले म्हणून टॅक्सी करायचीस. मी एकदा हिशोब करून दाखवला तर म्हणालीस, टॅक्सीचा खर्च वेगळा, भाजीचा वेगळा. समीरने मागे लागून तुझ्या मोबाइलवर एक एसआयपी सुरू करून दिली होती. तू त्याला दर आठवड्याला फोन करून विचारायचीस, ‘आज किती झाले रे?’ बाजार पडला त्या आठवड्यात तुझं जेवण गेलं. तो समजावत होता, मावशी, थांब, वर येतील. तू थांबली नाहीस, तोट्यात काढून मोकळी झालीस. त्याने नंतर कितीदा चिडवलं तुला. तुझा तेवढाच एक तोटा मला माहीत होता.

मग एकेक जण गळत गेली. ज्या वर्षी दत्ताने, तुझ्या भावाने, लालबागला संडास-बाथरूम आत असलेला ब्लॉक घेतला, त्या वर्षी तूही चाळ सोडलीस. सगळ्या गॅलरीत पेढे तूच वाटलेस. नंतर आमची चाळ पाडायला घेतली. भाड्याच्या जागांत पांगलेल्यांपैकी काहीजणी नव्या टॉवरमध्ये परत आल्याच नाहीत, जागा विकून बदलापूरला, विरारला गेल्या. दोघीतिघी वारल्या. सुनांना भिशीची गंमत वाटायची, पण त्यांचं सगळं मोबाइलवर. होता होता चौघी राहिल्या, मग तिघी, मग तू आणि मी.

दोघींच्या भिशीला काही अर्थ आहे का? एका महिन्यात मी तुला द्यायचे, पुढच्या महिन्यात तू मला. समीर म्हणायचा, ‘आई, हे तुम्ही नुसते एकमेकींना पैसे दाखवताय.’ तू म्हणायचीस, ‘दाखवायला लागतात रे. कुणी बघणारं नसलं की सुटते सवय.’ त्यातही तू रीत सोडली नाहीस. वर्षाच्या सुरुवातीला दोन चिठ्ठ्या डब्यात टाकायचीस आणि मला एक उचलायला लावायचीस. माझं नाव निघालं की म्हणायचीस, ‘नशीब काढलंस.’ मग चहा, मग लालबागहून आणलेला चिवडा, आणि मग तू माझ्या पलंगावर तासभर आडवी व्हायचीस. ‘तुझ्याकडे वारा छान लागतो गं,’ म्हणायचीस. अकराव्या मजल्यावर वारा लागतोच. मी पडदा ओढून स्वयंपाकघरात जायचे. तुझं घोरणं ऐकत भाजी निवडायची, ही माझ्या महिन्यातली सगळ्यात निवांत दुपार होती.

आता भांडणाबद्दल.

ते भांडण नव्हतंच, असं मी गेला महिनाभर स्वतःला सांगतेय. समीर आणि अश्विनीने ठाण्याला मोठा फ्लॅट बघितला होता. त्यात एक खोली माझी. माझ्या ठेवी मोडून सुरुवातीची रक्कम भरायची, मी तिकडे राहायला जायचं आणि भोईवाड्याची ही जागा भाड्याने देऊन ते भाडं त्यांच्या हप्त्याला लावायचं. समीरने कागदावर सगळं मांडून दाखवलं होतं. मुलगा वाकडा नाही माझा. आईने एकटं राहू नये असं त्याला मनापासून वाटतं, आणि पैसे कमी पडताहेत हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. तुला सांगितलं ते आनंदाने सांगितलं.

तू चिवड्याची बशी खाली ठेवलीस. ‘फ्लॅट कुणाच्या नावावर?’

‘त्या दोघांच्या. कर्ज दोघांच्या नावावर आहे ना.’

‘मग तुझी खोली कुठाय त्यात?’

‘काय बोलतेस? दाखवली त्याने मला. खिडकीला झाड आहे.’

‘झाडाचं नको सांगूस. द्यायचेच असतील तर नाव लाव. नाव लागत नसेल तर देऊ नकोस. आणि ही जागा तर मुळीच सोडू नकोस.’

मी म्हटलं, माझा समीर तसा नाही. तू म्हणालीस, ‘मी कुठे म्हटलं तसा आहे? चांगलाच आहे. चांगल्या माणसांकडे मागायला जास्त जड जातं.’ मला ते कळलं नाही. मी हट्टाला पेटले, तूही पेटलीस. रागावलीस की तू मालवणीत शिरायचीस. ‘तुका समजणा नाय, कुंदा,’ म्हणालीस. आणि मग ते बोललीस, ‘तुझे एकटीचे पैसे आहेत का ते? मी जमवून घेतलेत तुझ्याकडून. नायतर तुझ्याकडे फुटका पैसा नसता.’

ते लागलं मला. खरं होतं म्हणून जास्त लागलं. इतकी वर्षं टाइपरायटर मी बडवला होता, मग कॉम्प्युटर मी शिकले होते, आणि पैसे जमवले तू. मी कप उचलून आत गेले. बाहेर आले तर तू पलंगावर नव्हतीस, चपला घालत होतीस. त्या शनिवारी तू आडवी झाली नाहीस. दारात म्हणालीस, ‘येते.’ मी म्हटलं, ‘ये.’ पुढचे दोन आठवडे दोघींनी फोन केला नाही. असं आधीही झालेलं आहे आपलं, कितीदा तरी. दोघींपैकी एकीला काहीतरी निमित्त मिळायचं, वांगी चांगली मिळाली म्हणून, कुणीतरी वारलं म्हणून. यावेळी सकाळी दत्ताचा फोन आला. मला वाटलं तूच भावाच्या फोनवरून करतेयस.

तुझ्या बाराव्याला मी गेले. तुझ्या घरी मी एरवी कमीच यायचे, तूच इकडे यायचीस. जेवणं झाल्यावर शुभदा, तुझी भावजय, माझ्याशेजारी येऊन बसली. रडून तिचा चेहरा सुजला होता. म्हणाली, ‘वन्संनीच घेतली ना ही जागा.’ अगदी सहज म्हणाली, मला ठाऊकच असणार अशा समजुतीने. ‘फंडातून काढले, पोस्टातले काढले, होते नव्हते तेवढे घातले. हे म्हणत होते, तुझं पण नाव लावू. त्याच नको म्हणाल्या. मी एकटी बाईमाणूस, माझं नाव कशाला, उद्या पोरांना कागदपत्रांचा घोळ नको, म्हणाल्या. फार मोठ्या मनाच्या.’

मी हातातलं पाणी पिऊन टाकलं. त्या वर्षी भिशीचा पहिला नंबर तू घेतला होतास. एकदाच, इतक्या वर्षांत. आम्हा सगळ्यांना वाटलं चला, अक्कल आली हिला. आणि नंतर तू गॅलरीभर पेढे वाटत फिरलीस, ‘भावाने ब्लॉक घेतला, भावाने ब्लॉक घेतला’ करत.

शुभदा सांगत होती. तुझं कसं कुठल्या गोष्टीला नाही नव्हतं. कधी काही मागितलं नाहीस. तुझी घडीची कॉट हॉलमध्ये, टीव्ही बंद झाल्याशिवाय ती उघडता यायची नाही. पोरं मॅच बघत बसायची, सिरियल असायच्या. ‘पण कधी तोंडातून शब्द नाही, की बंद करा रे आता. खुर्चीत बसूनच डुलक्या काढायच्या.’ ती हे कौतुकाने सांगत होती, विजू. वाईट नाही ती. शेवटची काही वर्षं तुझं सगळं तिनेच बघितलं, डॉक्टर, औषधं, पथ्य. दत्ताही चांगला आहे. सगळी चांगली माणसं आहेत. आणि तू त्यांच्यात, तुझ्याच पैशांच्या घरात, झोप आली तरी झोप आलीय म्हणू शकत नव्हतीस.

मी तिथून निघाले, टॅक्सीत बसले आणि मला माझा पलंग आठवला. वारा छान लागतो म्हणायचीस. मी मूर्खासारखी खिडक्या उघडून द्यायचे.

मला तुझा राग आलाय, हे सांगितलंच पाहिजे. बारा बायकांची पासबुकं सांभाळणारी तू, एकीच्याही नवऱ्याला जवळ फिरकू न देणारी तू, स्वतःच्या वेळी कशी काय गळपटलीस? आम्हाला नाव लावायला शिकवलंस आणि स्वतःच्या डोक्यावरच्या छपराला नाव लावलं नाहीस. आणि लावलं नाहीस ते नाहीस, मला सांगितलंही नाहीस. लाज वाटली असणार. आमच्यासमोर तू विजू होतीस, तुझं चुकलं असं आम्हाला कळून चालणार नव्हतं. पण त्या शनिवारी, शेवटच्या, एका वाक्यात सांगता आलं असतं गं. ‘मी दिले होते, कुंदा.’ एवढं म्हणाली असतीस तर मी कप उचलून आत गेले नसते. तुझ्याजवळ बसले असते. त्याऐवजी तू मला टोचून बोललीस, कारण ते तुला सोपं गेलं.

राग येतो आणि मग ओसरतो, दमायला होतं. तू मला काय दिलंस ते मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. रक्कम म्हणशील तर फार मोठी नाही, आजच्या मुंबईत तर नाहीच. पण ह्यांच्या आजारपणात मी कुणाकडे हात पसरला नाही. अजूनही पसरत नाही. महिन्याच्या सुरुवातीला खात्यात व्याज जमा झाल्याचा मेसेज येतो तेव्हा तो मी दोनदा वाचते. आमच्या गॅलरीतली एकेक बाई अशीच उभी राहिली, कुणी शिलाईमशीन घेतलं, कुणी मुलीला नर्सिंगला घातलं. त्यातल्या निम्म्यांना तू गेल्याचंही अजून कळलेलं नाही. कळवायला हवं, पण माझ्याच्याने एकेकीला फोन करवत नाही.

गेल्या रविवारी समीर आला. एकटाच आला होता, अश्विनीला ताप होता. तुझ्याबद्दल बोलला थोडा वेळ, एसआयपीची गोष्ट काढून हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मग पोहे खाऊन झाल्यावर त्याने विषय काढला. ‘आई, बिल्डरला महिनाअखेर कळवायचं आहे, तू बँकेत कधी येतेस?’

मी मनाशी ठरवून वगैरे काही बसले नव्हते. मी त्याला विचारलं, फ्लॅटवर माझं नाव लागेल का. त्याला ते अपेक्षित नव्हतं. म्हणाला, ‘आई, कर्ज आम्हा दोघांच्या नावावर आहे. तिसरं नाव म्हणजे बँक परत सगळं मागणार. शिवाय तुझं वय... आणि गरज काय? घर तुझंच आहे.’

मी म्हटलं, ‘मग माझे पैसे माझ्याकडे राहू देत, समीर. ही जागाही राहू दे. तुम्ही तुम्हाला झेपेल असं घर घ्या. मी येऊन जाऊन राहीन.’

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी काही मागितलं आणि मिळालं नाही की तो असाच बघायचा, आदळआपट करायचा नाही. मग म्हणाला, ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का?’

‘आहे,’ मी म्हटलं. ‘तरी नाहीच म्हणेन.’

तो उठला. आपली बशी विसळून ठेवली. बाथरूमचा नळ गळत होता, मागच्या खेपेला करतो म्हणाला होता, तो त्याने वायसर बदलून दुरुस्त केला. हात पुसले. ‘ठीक आहे,’ म्हणाला, आणि वाकून नमस्कार करून गेला. एरवी तो निघताना नमस्कार करत नाही, नुसता खांद्यावर हात ठेवतो.

त्यानंतर त्याचा फोन नाही. अश्विनीचा ताप उतरला का, हे विचारायला मी केला, तर तिने घेतला, ‘बरी आहे’ म्हणाली आणि ‘ठेवते’ म्हणाली. येतील दोघंही, मला ठाऊक आहे. पोटचा मुलगा आहे, कुठे जातोय. पण आज पाच दिवस झाले, मी घरात फिरते, बसते, पुन्हा उठते. मी बरोबर केलं असं वाटतं, आणि थोड्या वेळाने त्याचा नंबर काढून फोन हातात धरून बसते.

तू असतीस तर मी आत्ता उठून, आहे त्या साडीत, लालबागला चालत आले असते. तू मला शाबासकी दिली नसतीस, चहा टाकला असतास. नाही कसं म्हणायचं ते तू मला इतकी वर्षं शिकवलंस, विजू. म्हणून झाल्यावर कुणाकडे जाऊन बसायचं, ते मात्र सांगून गेली नाहीस.